हॅकेट तळ्याच्या काठाबद्दल

मी, डेलिमा थिबोडो, कै. ओनेझिम थिबोडो यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रांधणे, राहणार हॅकेट तळे, न्यू हॅम्पशायर, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगते आहे. मला अक्षर येत नाही, पण डोके जागेवर आहे. लिहून घेणारे पर्लीवकील. मी हे रागाने सांगते आहे. राग शांत होईपर्यंत थांबले, तर आधी मीच शांत होईन.

१. राहते घर, गोठा आणि मागचे मेपलचे रान मुलगा अल्फे याला. तो आत्ता दारात उभा राहून ऐकतो आहे. ऐकू दे.

२. निखाऱ्यांच्या खड्ड्यात घेवडा पुरून शिजवायचे बिडाचे भांडे सून मार्गेरित हिला. झाकण दाबून बसवायचे असते, हे तिला बारा वर्षे सांगते आहे. आता भांडेच सांगेल.

३. बटाटे तोलायचा नवऱ्याचा वजनकाटा. १९०१ साली ऑरिन व्हिचर नावाचे गृहस्थ बोस्टनहून आले. तिथल्या कोंदट चाळींतल्या पोरांना उन्हाळ्यात ताजी हवा मिळावी म्हणून त्यांना शिबिर काढायचे होते. मी माझ्या हयातीपुरता तळ्याचा काठ शब्दावर दिला, आणि रांधायला स्वतःचे हात दिले. त्यांनी काटाही मागून घेतला. पोर आले की तोलायचे, जाताना पुन्हा तोलायचे. हवेने पोरे किती भरली ते देणगीदारांच्या सभेत वाचून दाखवत. शेवटच्या सकाळी पोरांना पंपाशी रांगेत उभे करीत. "प्या रे, अजून एकेक पेला! मोठा घोट!" मग डचमळत्या पोटांनी पोरे काट्यावर. सगळे हसत. मीही हसे. हा काटा अल्फेने कुऱ्हाडीने फोडावा. तुकडे तळ्यात टाकू नयेत, तिथे पोरे पाय टाकतात.

४. ऑरिन व्हिचर यांना काही नाही. काठ कायमचा मिळावा म्हणून त्यांनी गोडगोड पत्र पाठवले आहे. त्यात मला 'शिबिराची माउली' म्हटले आहे. त्यांना उत्तर म्हणून पुढची हकीकत देते. ती त्यांनी सभेत उभे राहून वाचावी.

१९०७ साली रोझाल्बा कॅविकी नावाची दहा वर्षांची पोर आली होती. चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघराच्या छपरावर पावाचे तुकडे वाळत घातलेले दिसले, कौलांसारखे ओळीने.

"कुणासाठी गं?"

"घरच्या धाकट्यांसाठी. आजी, तुम्ही नाही ना सांगणार?"

"मी कुणाला सांगू, बये?"

आणि त्याच दुपारी मी व्हिचरना सांगितले. गंमत म्हणून. ते हसले नाहीत. पोरीला काट्यावर चढवले, तर आली तेव्हापेक्षा दोन पौंड कमी.

"थिबोडोबाई, अशी चार पोरं निघाली तर आपली सरासरी कुठे जाईल?"

संध्याकाळच्या गाडीने पोर परत. तिच्या नोंदीच्या कार्डावर त्यांनी 'कृतघ्न' असे लिहिले आणि मला मोठ्याने वाचूनही दाखवले. त्या घरच्या एकाही धाकट्याला पुन्हा बोलावणे गेले नाही. छपरावरचा पाव निळ्या पाखरांनी दोन दिवस खाल्ला. मी खाली घेवडा ढवळत होते.

व्हिचरवर माझा राग आहेच. उरलेला माझ्या जिभेवर आहे, आणि तोच जास्त आहे.

५. तळ्याचा काठ. तो रोझाल्बाला द्यायचे मी ठरवले होते. अल्फे म्हणाला, "आई, बोस्टनची बाई तळ्यावर येऊन काय करणार?"

"बसेल. तुझं काय जातं?"

"आणि शिबिराची शंभर पोरं? त्यांनी काय केलंय तुझं?"

मी वकिलांना बोलावणे धाडले.

पर्लीवकिलांनी रोझाल्बाचा पत्ता काढून तिला लिहिले. तिचे उत्तर काल आले. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवले. 'तुमचा काठ मला नको. तुमची माफीही नको. माझ्या मुलीला पोहता येत नाही.'

वकील म्हणाले, "हा नकार आहे, बाई."

मी म्हटले, "तुम्हाला वाचता येतं, समजत नाही. घ्या लिहून."

तर लिहावे असे: काठ रोझाल्बाच्या मुलीला. शिबिराची पोरे आजवर येत आली तशी दर उन्हाळ्यात येतील, पण एकालाही कोणी तोलणार नाही, आणि व्हिचर यांनी तिथे पाऊल टाकायचे नाही. अल्फेने पंधरा वर्षे शिबिराच्या पोरांना पोहायला शिकवले आहे. या पोरीलाही त्यानेच शिकवावे. होडीत बसून ओरडत नव्हे, कमरेइतक्या पाण्यात तिच्याशेजारी उभे राहून. रोझाल्बाला काठावर हवे तितका वेळ बसू द्यावे. तिला कोणी जेवायचा आग्रह करू नये.

मुलीचे नाव पत्रात नाही. तिची आई सांगेल तेव्हाच ते इथे भरावे, तोवर जागा कोरी ठेवावी: ______________

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. वकिलांनी सुरुवातीचा 'रागाने' हा शब्द गाळला होता, तो परत घालायला लावला. आता बरोबर आहे.

डेलिमा थिबोडो हिची निशाणी: ✕

साक्षीदार:
लुसियस फर्नाल्ड, लोहार
एमेलिन क्विंबी, शाळामास्तरीण

हॅकेट तळे, न्यू हॅम्पशायर
१४ मे १९२८