लोसाचा होकार

सोमवार, ४ ऑगस्ट

डिझेलचं जहाज पुन्हा उशिरा. नऊ दिवस! लोसाची मेल सकाळीच आली – दवाखान्याचा जनरेटर आता दिवसाला सहाच तास चालवतायत, इन्सुलिन चर्चमधल्या छोट्या सोलर फ्रिजमध्ये हलवलंय. लोसा म्हणजे त्यांच्या ऊर्जाखात्याची सचिव. खातं म्हणजे ती आणि एक टेबल. देश म्हणजे तीन बेटं आणि नऊ हजार माणसं.

आणि मी इथे वॉलॉंगॉंग शहरात, ऑगस्टातल्या हिवाळ्यात, हीटर लावून त्यांच्या देशाचा आराखडा लिहितेय. जनरेटर बंद, छपरांवर पॅनेल, एक मोठं बॅटरीघर, आणि ते समुद्र कितीही चढला तरी कोरडं राहील अशा जागी. शुक्रवारी, पंधरा तारखेला, निधीच्या समितीकडे पोचायला हवा. नाही तर पुढची फेरी दोन वर्षांनी. शिवाय त्यांचा डिझेलचा करार याच महिन्यात संपतोय. निधी नाही आला तर पुन्हा डिझेलवरच सही.

यतिनला (माझा बॉस, गिरावीन उपनगरातून आठवड्यातून दोनदा ट्रेनने येतो) म्हटलं, आपल्या एका कारखान्यापुढे त्यांच्या सगळ्या देशाचा धूर म्हणजे किस झाड की पत्ती. तो म्हणाला, "अगं, धूर जगासाठी. त्यांच्यासाठी हे जहाजाची वाट न बघणं आहे." बोलतो कधीकधी बरं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

जागा सापडली. ड्रोनच्या फोटोंत एकच उंच तुकडा आहे, दवाखान्याच्या मागे, मोकळा. बाकी सगळं बेट ताटासारखं सपाट. सगळी आकडेमोड तिथेच बसते. आज चक्क नीट जेवले.

बुधवार, ६ ऑगस्ट

मोकळा नाही.

फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या दगडांच्या रांगा. कबरी आहेत. पंचेचाळीस मोजल्या आणि मग मोजवेना.

लगेच लोसाला व्हिडिओ कॉल केला. विचारलं, ही जागा चालेल का, तिथे कबरी दिसतायत. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "हो. आमचं बोलणं झालंय. चालेल." आणि हसली. मग जहाजाचं सांगायला लागली.

ते हसू मला ओळखीचं आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

काम शून्य. फक्त त्या रांगा.

शनिवार, ९ ऑगस्ट

आपल्याकडे पहिला शब्द कोणी खरा धरतो का? पाहुणा "नको नको" म्हणतो, आपण चहा टाकतोच. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतो तोही. काकूला विचारलं होतं, शिवणयंत्र देऊन टाकायचं का? "हो, द्या की, मला काय करायचंय आता." हसतहसत. यंत्र गेलं आणि आठ दिवस ती धड जेवली नाही. विचारणारी मीच होते. तेव्हा बावीस वर्षांची दीडशहाणी.

आणि इथे तर मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूची. माझ्यासारखीला ती बिचारी नाही कशी म्हणणार? आई-आजीच्या कबरींवर काँक्रीट ओतायचं, आणि आराखड्यावर सही माझी, मंजिरीची. नाही जमणार.

जेवताना उर्वीला सगळं सांगून बसले. अकरा वर्षांच्या मुलीला कशाला सांगावं! ती म्हणाली, "बट शी सेड येस, मम्मा." मी म्हटलं, माणसं भिडेखातर हो म्हणतात गं. "देन हाउ डू दे एव्हर से येस?" म्हटलं, भात संपव.

सोमवार, ११ ऑगस्ट

जागा आराखड्यातून काढली. लिहिलं – प्रस्तावित ठिकाणी दफनभूमी असल्याने आधी गावकऱ्यांच्या भावनांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा. अभ्यास म्हणजे किमान तीन महिने, हे मला माहीत आहे.

यतिनने वाचलं आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. "मंजिरी, फ्रायडेला फंडिंग क्लोज होतंय. सिव्हिल इंजिनिअर म्हणून सही तुझी. जागेसकट सही नाही केलीस तर हे जातच नाही." म्हटलं, माहीत आहे. "त्यांच्या गव्हर्नमेंटने साइट अप्रूव्ह केलीय." म्हटलं, अप्रूव्ह करावीच लागली असेल. "लोसाला परत फोन कर ना मग."

नाही केला. परत विचारायचं म्हणजे तिला परत हसायला लावायचं. तो उठताना म्हणाला, "होप यू आर राइट, मेट." रागावला की तो असा मेट म्हणतो.

आयुष्यात एकदा तरी वेळेवर थांबले, असं वाटलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

लोसाची मेल – आराखडा गेला का? कळवलं, थोडा उशीर होतोय, तुमच्याच भल्यासाठी. उद्या पाच वाजता संपेल एकदाचं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

पाच वाजून गेले. सही केली नाही.

रडू येईल असं वाटलं होतं. उलट हलकं वाटलं. उर्वीला घेऊन बीचवर चालून आले. थंडी होती, पाणी खूप मागे गेलेलं. त्या पंचेचाळीस जणांना हात जोडले मनातल्या मनात. निधी पुन्हा येईल, माणसांची माती पुन्हा कुठून आणणार?

बुधवार, २० ऑगस्ट

लोसाची मेल. तशीच उतरवून ठेवतेय.

"तुमचे फोटो फेब्रुवारीतले आहेत. कबरी आम्ही मार्चमध्ये हलवल्या. सगळ्यांत आधी माझ्या आईची, म्हणजे बाकीचे तयार होतील. आता सगळे खाली, पाण्याच्या बाजूला आहेत. मेलेल्यांना ओलं झालेलं चालतं, दवाखान्याला चालत नाही, असं सभेत ठरलं होतं. चार महिने भांडून ठरलं. मी तुम्हाला हो म्हणाले होते. डिझेलच्या करारावर काल सही केली. दहा वर्षांचा आहे."