केकवरच्या चार चौकोनांचा खुलासा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतेय, कारण काकांच्या बेकरीत काउंटरच्या मागे आडवं पडण्याइतकी जागा नाही.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या घराची लिफ्ट सुरू झाली का? कुंड्यांना ऊन मिळतं का? आमच्याकडे आई-बाबा बरे आहेत आणि मी तर नेहमीच बरी असते. काका मात्र बरे नाहीत. ताप-बीप काही नाही, तू त्यांचा फोन उचलत नाहीस एवढंच. पण त्या नादात त्यांनी परवा बिस्किटांत साखरेऐवजी मीठ घातलं. एका गिऱ्हाईकाने ती आवडली म्हणून आणखी मागितली, तरी ते हसले नाहीत. यावरून काय ते समज.

तुला राग का आला ते आईने मला सांगितलं. तुझा फ्लॅट बघायला आम्ही सगळे आलो तेव्हा काका तुझ्या शेजारणीसमोर म्हणाले, "ताई, घर कसलं गं हे, काड्यापेटी आहे!" तू हसलीस आणि त्यांना दुसरा चहा दिलास. (आई म्हणते, तू हसून दुसरा चहा दिलास की समोरच्याने ओळखून गप्प बसावं. काकांनी तिसरा मागितला.) आणि मग तू राहायला गेलीस त्याच दिवशी त्यांच्याकडून केक आला. वर लिहिलेलं, "ताई, नवीन घरात सुखी राहा", आणि खाली हे असे:

▢ ▢ ▢ ▢

प्रत्येकाच्या एका कडेला चॉकलेटची काळी पट्टी. हुबेहूब काड्यापेट्या, आणि तुझ्या खोल्याही चारच. तू केकचा फोटो आईला पाठवलास आणि खाली लिहिलंस, "पेट्या पोचल्या. तुझ्या दिराला सांग." तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण आत्या, शप्पथ सांगते, काकांनी चौकोन सांगितलेच नव्हते. ते इमोजी होते. आता हे नीट समजावं म्हणून मला थोडं मागून सांगावं लागेल. चष्मा लाव.

मी दुकानात आले तेव्हा सगळ्या ऑर्डरी हाताने लिहायचे. मी आल्या आल्या जुना कॉम्प्युटर पुसला, चिठ्ठ्या छापायचा छोटा प्रिंटर जोडला आणि काकांना म्हटलं, आता आपण मॉडर्न. काकांना कशाचंच विशेष वाटलं नाही. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट दाखवली. कीबोर्डवर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण असतं ना, ते दाबून धरायचं आणि सोबत पूर्णविरामाचं बटण दाबायचं. बास, टिचकीसरशी चेहऱ्यांचा अख्खा डबा उघडतो. (तुझ्या लेकाकडे तो खाल्लेल्या सफरचंदाचा लॅपटॉप आहे, त्यावर कंट्रोल, कमांड आणि स्पेस ही तिन्ही बटणं एकत्र दाबायची.) काकांनी आधी खिडकी दाबली, सोडली, मग पूर्णविराम दाबला. पूर्णविराम आला. म्हटलं, काका, दोन्ही एकत्र. त्यांनी दोन्ही हातांनी, कणीक तिंबतात तसा, कीबोर्डच दाबला. सहाव्या-सातव्या वेळेला डबा उघडला आणि आत्या, तो चेहरा तू बघायला हवा होतास. (काकांचा. इमोजीचा नव्हे.) म्हणाले, "हे सगळं यात आधीपासून होतं? आणि मी इतकी वर्षं नुसती बिलं केली?"

मग काय, त्यांना वेडच लागलं. मी फोनवरही शिकवलं. ते तर आणखी सोपं आहे. मेसेज लिहायला गेलं की खाली कीबोर्ड येतो, त्यावर स्पेसच्या आसपास एक हसरा चेहरा असतो, किंवा जिथे लिहितो त्या पट्टीच्या डावीकडे असतो, फोनवर अवलंबून आहे. त्याला हात लावला की झालं. वरती शोधायची जागा असते, तिथे "फूल" लिहिलं की फुलंच फुलं. (सगळ्या फोनला मराठी कळत नाही, तेव्हा नाही आलं तर इंग्रजीत लिही.) अंगठा दाखवायचा असेल तर तो थोडा वेळ दाबून धर, म्हणजे हाताचा रंगसुद्धा निवडता येतो. काकांनी आपल्या हाताशी फोन लावून बराच वेळ रंग जुळवला आणि शेवटी पिवळाच ठेवला. म्हणाले, मैद्यात राहून खरा रंग कुणाला आठवतोय.

तुझ्या केकची ऑर्डर त्यांनी स्वतः बसून टाइप केली. मला हात लावू दिला नाही. मजकूर लिहिला आणि खाली चार इमोजी निवडले: एक घर, एक फुलांचा गुच्छ, एक टोपी घातलेला नाचरा चेहरा आणि एक लाल बदाम. बदामावर बराच विचार झाला. "ताईला बदाम बरा दिसतो का गं?" मी म्हटलं, काका, बहिणीला चालतो. ते म्हणाले, "मी तिला आजवर असलं काही म्हणालेलोच नाही." आणि दाबला. स्क्रीनवर चारही मस्त दिसत होते. मी टाळ्या वाजवल्या. काका खुशीत पावाची गाडी घेऊन बाहेर गेले.

आता खरा घोळ. कॉम्प्युटरला इमोजी माहीत आहेत, पण आमच्या म्हाताऱ्या प्रिंटरला नाहीत. असं असलं की तो गप्प बसत नाही आणि कबूलही करत नाही. जिथे त्याला कळलं नाही तिथे रिकामा चौकोन छापून मोकळा होतो. चार इमोजी, चार चौकोन. मी स्क्रीनकडेच बघत होते, चिठ्ठीकडे बघितलंच नाही. चिठ्ठी गेली आत, मास्तरांकडे.

मास्तर म्हणजे केकवर क्रीमने लिहिणारे आमचे मास्तर. तू म्हणशील, त्यांनी विचारायचं नाही का? नाही विचारायचं! तो दुकानाचा नियमच आहे, आणि तो काकांनीच केलाय. पूर्वी एकाने मित्रासाठी "म्हाताऱ्या, अभिनंदन" असा केक सांगितला होता. मास्तरांना ते फार उद्धट वाटलं, म्हणून त्यांनी "आदरणीय ज्येष्ठ, अभिनंदन" लिहून दिलं. मित्र नुकताच चाळिशीला पोचलेला. तो खरंच दुखावला आणि ऑर्डर देणारा दुकानात येऊन एवढा ओरडला, की तेव्हापासून काकांचा हुकूम आहे: चिठ्ठीवर असेल ते, जसं असेल तसं, प्रश्न विचारायचे नाहीत. फक्त सजावट मास्तरांच्या मर्जीवर. मास्तरांना वाटलं, नवीन घर, चार खोल्या, काय झकास कल्पना आहे! पट्टी घेऊन त्यांनी ते चौकोन आखले आणि नुसते फिके दिसतात म्हणून कडेला चॉकलेटची पट्टी ओढली. मग केक खोक्यात, खोक्याला टेप, आणि सरळ तुझ्या दारात. मध्ये कुणी बघायचा प्रश्नच नव्हता.

तुझा फोटो आला तेव्हा काका आत गेले. "मास्तर, चौकोन कुणी सांगितले?"

"चिठ्ठीने."

"आणि पट्टी?"

"ती माझी," मास्तर म्हणाले, आणि आत्या, चक्क लाजले. त्यांना वाटलं कौतुक होतंय. काका नुसतं चांगली झालीय म्हणाले आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मला ओरडतील असं वाटलं होतं, तेही नाही. म्हणाले, "काड्यापेटी म्हणालो ते मात्र मीच. ते काही प्रिंटरने नाही म्हटलं."

तर हा असा सगळा खुलासा आहे. प्रिंटर मी बदलायला लावणार आहे. घरात सगळ्यांना नमस्कार सांग आणि गुडघ्याला जप.

तुझी लाडकी भाची,
टकळी

ता. क. हे पत्र मी लिहिलंय हे काकांना माहीत नाही. त्यांना वाटतंय मी लोण्याचा हिशोब करतेय.

ता. क. २. तू नुसता फोन उचलत नाहीस असं काका समजतात. खरं म्हणजे तू त्यांना ब्लॉक केलंयस. त्यांच्या फोनवर तुझा फोटो दिसत नाही आणि मेसेजला एकच टिक येते, त्यावरून मला लगेच कळलं. एकच टिक का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की तुमच्या नव्या इमारतीत रेंज नसेल. ते म्हणाले, "बघ, तरी मी म्हणत होतो." तेव्हा जास्त उशीर करू नकोस, नाहीतर ते तुझ्या घराबद्दल आणखी काहीतरी बोलून बसतील.

ता. क. ३. रोज दुकान बंद करायच्या आधी ते तुला माफीचा मेसेज पाठवतात. बदाम, फुलं, हात जोडलेले, आणि मध्येच एक मगर. मगरीचा काही अर्थ लावू नकोस, त्यांचं बोट जाड आहे. पण ब्लॉक असताना पाठवलेलं नंतर ब्लॉक काढला तरी येत नाही, आत्या. ते सगळं गेलंच. हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून, खरं तर एवढ्याचसाठी एवढं लिहिलं, तू ब्लॉक काढ आणि आधी तूच त्यांना एक चेहरा पाठव. कसलाही चालेल, रागीटसुद्धा. शब्द नकोत, शब्दांनीच तर सगळा घोटाळा झालाय. तुझा चेहरा आला की ते माझ्याकडे धावत येतील आणि विचारतील, ताईला याचं उत्तर काय देऊ? मी सांगेन, काका, आता फोन करा.