तुमची दोरी, माझे चार बोल्ट

प्रिय मामा,

काल तुमची होडी पाण्यात घातली. उलटली नाही, मोडली नाही. भाटघर धरणाच्या पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेली आणि तशीच परत आली. ही बातमी कळवायला लिहितोय म्हणालो तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला तुम्ही होता तेव्हा धीर झाला नाही, आणि तुम्ही गेल्यावरचे नऊ महिनेही मी गप्पच बसलो.

काय माणूस होता तुम्ही! वेल्हे तालुक्यातल्या शाळांत जन्मभर गणित शिकवलंत. निवृत्तीनंतर लोक देवळाच्या ओट्यावर बसतात, तुम्ही गोठ्यात प्लायवूड आणून टाकलंत. का, तर मामींचं माहेर समोरच्या काठाला दिसतं आणि रस्त्यानं जायला दोन तास लागतात. मी म्हणालो, "मामा, इंजिनाची होडी घ्या की सरळ." तर म्हणालात, "पाव्हणं, वाऱ्याला डिझेल लागतं का?"

मोबाईलवर कुठल्याशा बेटावरच्या होड्या बघून तुम्ही तुमची आखलीत. मध्ये एक लांबट, सडपातळ होडी आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दोन छोट्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई जशी हात पसरून तोल धरते तशी, असं तुम्ही मला समजावलंत. प्लायवूडच्या फळ्यांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घातलेत, वरून चिकट राळ आणि कापड. मामी म्हणाल्या, "होडी करताय का गोधडी?" तुम्ही किती हसला होता!

आडव्या बांबूंवरून मात्र आपलं जमेना. मधल्या होडीला बाजूच्या दोन होड्या जोडणारे ते दोन बांबू तुम्ही दोरीनं बांधणार होता. नुसत्या दोरीनं! मी भोरला स्टँडमागं ग्रिल, गेट, ट्रॉल्या करणारा माणूस. माझ्या दुकानात जे वेल्डिंगनं धरत नाही ते बोल्टनं धरतं आणि जे बोल्टनं धरत नाही ते भंगारात जातं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "औताचं जू इसाडाच्या दांड्याला खिळ्यानं ठोकत्यात का? नाड्यानंच बांधत्यात. बैल वळला तर जू वळायला नको? लाट आली तर बांबूनं बी जरा हलायला पायजे."

मान हलवली मी. पण पटलं नव्हतं. आणि मामा, मला तुमची काळजी होती हो! सासरा बुडाला तर तुमच्या लेकीला, वैशालीला, तोंड कसं दाखवू?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पाणी भरपूर होतं. होडी घालायच्या आदल्या दिवशी तुम्ही नारळ आणायला गेलात, तेवढ्यात मी बांबूंना भोकं पाडली आणि चार बोल्ट आवळले, पट्ट्यांसकट. वरून तुमची दोरी पहिल्यासारखी गुंडाळली. बांबूला भोक पाडलं की तो तिथंच चिरतो, हे टोपल्या विणणारं कुणीही सांगेल. मला कळलं नाही. उलट स्वतःवर खूश होतो. म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट राहिला आणि जीवही राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव काठावर. निळ्या ताडपत्रीचं शीड फुगलं, टाळ्या पडल्या. मग डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला आणि बांबू कडाडला. बरोबर माझ्या भोकावर! ट्यूब गळ्यात अडकवलेले तुम्ही पाण्यात. आम्ही ओढून काढलं तुम्हाला. खरचटलंसुद्धा नव्हतं. पण बबनकाका काठावरून ओरडले, "मास्तर, हातचा राहिला की वो!" आणि गाव खो-खो हसला.

तुम्ही पण हसलात. मी बघत होतो, ते हसू नव्हतं.

मामी तुम्हाला पुसत होत्या तेवढ्यात मी मोडके बांबू टेम्पोत टाकले. भोकाचा भाग कापून फेकून दिला.

मग तुम्ही वह्या काढल्या. तीन महिने तेच गणित पुन्हा पुन्हा. वाऱ्याचा जोर, बांबूची जाडी, वजन. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचात, "कायतरी चुकतंय." एकदा मला विचारलंतही, अगदी चाचरत, "पाव्हणं, राग मानू नका. बांधणीत काय बदल तर केला न्हवता ना?"

"न्हाई मामा," मी म्हणालो.

तुम्ही पुढं एक शब्द विचारला नाहीत. आपल्यात जावयाला उलट विचारत नाहीत, जावयाचा शब्द सासऱ्यानं खोटा धरायचा नसतो. त्या मानाच्या आड लपलो मी, मामा! का नाही एकदा माझी गचांडी धरलीत? वर्गातल्या पोराची धरली असतीत की!

शेवटी तुम्ही जाड बांबू धरून हिशेब मांडलात आणि वही मिटलीत. "आता ही तरंगंल, पण पळणार न्हाई," म्हणालात. होडी अंगणात पालथी घातलीत. मामींनी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. माघात तुम्ही गेलात. तेव्हाही माझा तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

यंदा दिवाळीला वैशाली सहज म्हणाली, "आण्णांना शेवटपर्यंत वाटत होतं, आपल्याला गणित येत न्हाई." दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

मग तुमची पहिली वही काढली. तुम्ही लिहिलंय तेवढ्याच जाडीचे बांबू आणले, भोक न पाडता. तुम्ही लिहिलेत तेवढेच वेढे दिले. बोल्ट एकही नाही. वारा आला तेव्हा बांबू करकरले, जरासे हलले आणि होडी अशी सुटली की माझीच बोबडी वळली! पाणी कापल्याचा आवाज येत होता. तुम्हाला तो ऐकायला मिळायला हवा होता. माझ्यामुळं नाही मिळाला.

परत आलो तर काठावर गर्दी. बबनकाकांनी पाठ थोपटली. "वा, पाव्हणं! मास्तरांची चूक काढलीत तुमी!" मामी डोळे पुसत होत्या. जावयाचं कौतुक चाललंय, सासू सुखावलीय. गप्प बसलो असतो तर आयुष्यभर खपलं असतं.

मी म्हणालो, "काका, चूक मास्तरांची न्हवती. माजी व्हती. म्या चोरून बोल्ट मारलं व्हतं."

सगळं सांगितलं. कापून फेकलेल्या तुकड्यासकट. बबनकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "म्या उगाच हसलो वो मास्तरांना."

मामी मात्र उठून समोर आल्या. म्हणाल्या, "तीन म्हैनं त्या मानसानं धड जेवान केलं न्हाई. ताट पुढं आनि ह्यांचं बोट भुईवर आकडं काढतंय. तुमाला दिसत व्हतं ना वो? ते जावई म्हून गप ऱ्हायले. म्या न्हाई ऱ्हानार." आणि चार लोकांत मला असं काही झापलं! मी खाली मान घालून ऐकलं. तुमच्या वाटणीचंही ऐकलं.

आज सकाळी मामी पिशवी घेऊन काठावर आल्या. माझ्याशी एक शब्द नाही. होडीत बसल्या, पदर खोचला आणि समोर माहेराकडं बोट दाखवलं. मी शीड सोडलं.

मामा, माफी मागायला आता तोंड नाही. वचन मात्र देतो. होडी बघायला जो कुणी येईल त्याला आधी माझे चार बोल्ट सांगेन आणि मगच तुमची होडी दाखवीन. आणि तुम्ही हयात असताना जे बोलायला हवं होतं ते आज लिहितो. तुमचं गणित बरोबर होतं, मामा. पहिल्याच वहीत बरोबर होतं.

तुमचा अपराधी जावई,
सुनील