कल्हई लावलेली विजेची किटली

बाबा,

परवा मी विजेची किटली घ्यायला गेले होते. दुकानातल्या मुलीने चार किटल्या काउंटरवर मांडल्या आणि एकेकीचे गुण सांगू लागली. पाणी उकळलं की आपोआप बंद होते, हात भाजत नाही, चहाला चालते, कॉफीला चालते. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी एकेक किटली उचलून बोटाच्या पेराने ठोकत होते, कानाशी नेत होते, झाकण उघडून नाक आत घालत होते. ती मुलगी बिचकून म्हणाली, "काकू, नवीनच आहे." मी म्हटलं, "नवीन आहे म्हणूनच पाहते." बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. मग किटली न घेताच घरी आले. दोन दिवस घरात उगाच इकडची वस्तू तिकडे केली आणि आज लिहायला बसले.

तुमचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाचा थेंब नखावर ठेवून तो किती वेळात ओघळतो ते तुम्ही रोज पाहायचात, दूधवाला समोर उभा असताना. एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं की ते उजेडाकडे धरायचात. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी आधी अर्धीच घ्यायची आणि दुपारपर्यंत वाट पाहायची, ही तुमची रीत. आई म्हणायची, "यायले यमराज न्याले आला त त्यालेई चिठ्ठी दाखव मनतीन." पण याच स्वभावाला बाजारात किंमत होती. भंडाऱ्यात आपल्यासारखी पितळेच्या भांड्यांची आणि कल्हईची दुकानं काही कमी नव्हती, तरी बायका दुसऱ्याच्या दुकानातून पसंत केलेला पाण्याचा गुंड आधी तुमच्याकडे आणून दाखवायच्या. तुम्ही पेराने ठोकायचात, तळाला चाकूचं टोक लावायचात आणि एका शब्दात सांगायचात, घ्या किंवा नका घेऊ. त्या शब्दावर लोक लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायचे. तुमच्याकडे मोठी इस्टेट नव्हती, हा शब्द होता.

तुमचा हा संशय माझ्यातही पुरता उतरला, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच ठरलात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लाखांदूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी ऑर्डर आली, सोमवारी हजर व्हायचं होतं. घरात रामायण झालं. आईने जेवण सोडलं, काका दोनदा येऊन गेले, आणि मी मात्र हट्टाला पेटले होते. जाईनच, एकटी राहीन, कुणाच्या बापाला भीत नाही, असं सगळं बोलून चुकले होते. तुमच्याकडे विषय आला तेव्हा तुम्ही परातीवरून नजरही न उचलता म्हणालात, "जाऊ द्या तिले." एवढंच. जो माणूस दुधाच्या थेंबाची चौकशी करतो, तो सख्ख्या लेकीला एका वाक्यात परगावी पाठवतो, हे मला पटेना. यात काहीतरी डाव आहे, असं मी त्याच दिवशी मनात धरलं.

डाव मला दिसला तो किटलीत. लाखांदूरला जी खोली मिळाली होती तिच्या भिंतीला लागूनच घरमालकिणीने धानाची तणस रचून ठेवलेली असायची. एका उन्हाळ्यात ठिणगी पडून तिचा अर्धा गोठा जळाला होता. तेव्हापासून तिची अट, खोलीत चूल नाही, सिगडी नाही, स्टो नाही. दोन वेळचं जेवण ती देणार होती. चहाचं मात्र काही ठरलं नव्हतं, आणि चहाशिवाय माझा डोळा उघडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "बिजलीची किटली घेऊ. अन् किटली भेटल्याबिगर पोरगी जानार नाई." मी मनात म्हटलं, आता कळलं. आता जगातली एकही किटली यांना पसंत पडणार नाही आणि सोमवार निघून जाईल.

आणि तसंच घडू लागलं. आपल्या दुकानापासून चार दुकानं सोडून बिजलीच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार तुमच्या ओळखीचा, म्हणून पसंतीवर वस्तू घरी न्यायला द्यायचा. मंगळवारी पहिली किटली आली. ती अॅल्युमिनियमची निघाली. तुम्ही ती उचललीत आणि लगेच खाली ठेवलीत. "जर्मल हाये. यात चाय नाई, जहर होते." बुधवारी दुसरी आली. ती ठोकून तुम्ही तोंड वाकडं केलंत, "पत्रा. सहा महिन्यात चाळनी." दुकानदार हसत म्हणाला, "भाऊ, पानी त गरम करू द्या तिले. चाय होते, कॉफी होते, बडे बडे साहेब लोक घेऊन राहिले." त्याने कॉफीची एक पुडी उघडून तुमच्यापुढे धरली. तुम्ही चिमूटभर तळहातावर घेतलीत, चोळलीत, हुंगलीत आणि म्हणालात, "चिचोके भाजून कुटले हायेत." त्या गृहस्थाला राग यावा की हसू, ते कळेना. मी मागे उभी राहून दिवस मोजत होते.

गुरुवारी तिसरी आली. ती चांगली वजनदार होती, वरून आरशासारखी चकचकीत, काळी मूठ, आत तळाशी पाणी तापवणारा, वेटोळं घातलेला दांडा. तुम्ही तळाला चाकूचं टोक लावलंत आणि खाली पिवळं दिसलं. तुमचा चेहरा आठवतो मला. परक्या गावात नात्यातलं माणूस भेटावं तसा झाला होता. "पितळच हाये लेकाची," तुम्ही म्हणालात, "वरून साहेबाचा कोट घातला फक्त." डब्यात एक छापील कागद होता, सगळा इंग्रजीत. तुम्हाला मराठी वाचता यायचं, इंग्रजीसाठी घरात मी होते. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. दांडा बुडेल इतकं पाणी असावं. ओल्या हाताने बटण लावू नये. किटली पाण्यात बुडवून धुऊ नये. तिथे तुम्ही हात वर केलात, "बस, समजलं. भांड्याचं मले नको शिकवू." आणि किटली घेऊन मागे गेलात. कागद माझ्या हातात राहिला.

तुम्ही तिच्यात चिंचेचं पाणी भरून ठेवलंत. शुक्रवारी सकाळी ते पाणी पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात धरलंत आणि मला बोलावलंत. "पाय. हिरवं दिसून राहिलं का नाई?" मला काही दिसलं नाही, पण तुम्हाला दिसलं. तोटीच्या जोडाजवळ कल्हई पातळ आहे, आणि तो दांडा तर तांब्याचा, उघडाच. यात चहा कळकणार, आणि पोरीच्या पोटात रोज दोन वेळा ते जाणार. "कारखान्यातल्या कल्हईचा काय भरोसा," तुम्ही म्हणालात. "मी करतो." तुम्ही पेचकसाने मूठ काढलीत, जपून बाजूला ठेवलीत, भट्टीत कोळसे घातलेत आणि भाता ओढायला सुरुवात केलीत.

मी दारात उभी होते. नवसागराचा पांढरा धूर उठला, तुम्ही कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवलंत, दांड्यावरूनही फिरवलंत, वेटोळ्याच्या खालूनसुद्धा. अशी कल्हई तुम्ही आयुष्यात दुसऱ्या कुठल्या भांड्याला केली नसेल. मध्येच आतून 'फट्' असा बारीक आवाज आला. तुम्ही क्षणभर थांबलात आणि पुन्हा बोळा फिरवायला लागलात. किटली थंड झाली तेव्हा बाहेरची चकाकी निळी-जांभळी पडली होती, पण आतून चांदी. तुम्ही मूठ बसवलीत, पाणी भरलंत, आईला बोलावलंत, मला बोलावलंत, आणि बटण दाबलंत. घरातला पंखा थांबला. फ्यूज गेला होता. दुसरा घातला, तोही गेला. तिसऱ्यांदा तुम्ही हात लावला नाहीत.

आई म्हणाली, "झालं समाधान?" किटली हातात धरून उभे होतात आणि तिच्या तळाकडे पाहत होतात. मग माझ्याकडे वळलात. "बाई, त्या कागदावर काई लिवलं होतं का, आगीवर ठेवू नोको म्हनून?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही मान हलवलीत. "मंग माहाच गाढवपना."

त्यानंतर मी कितीतरी वर्षं हा एकच प्रश्न घोळवत बसले. ज्याने मूठ आठवणीने काढून ठेवली, त्याला खालची बिजली आठवली नाही? जन्म भट्टीसमोर गेलेला माणूस इतका कसा चुकेल? मुद्दाम केलंत तुम्ही, मला अडकवायला केलंत, असं मी मैत्रिणींना सांगितलं, पुढे नवऱ्याला सांगितलं. सांगून सांगून ते मलाही खरं वाटायला लागलं होतं. पण ते कुठेतरी अडायचं, कारण पुढचं जे घडलं ते त्यात बसत नव्हतं.

शनिवारी तुम्ही दुसरी तशीच किटली आणायला त्या दुकानात गेलात. रिकाम्या हाताने परत आलात. काय झालं ते सांगितलं नाहीत, हातपाय धुतलेत, जेवायला बसलात. मी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "मग आता सोमवारचं राहू द्यायचं का, बाबा?" तुम्ही भाताचा घास तसाच हातात ठेवून माझ्याकडे पाहिलंत, दुधाच्या थेंबाकडे पाहायचात तसं. "राहू काहून द्याचं? चायबिगर मानूस मरत नाई. सोमवारी मी येतो संगं."

सोमवारी पहिल्या एसटीने आपण लाखांदूरला गेलो. माझी पेटी तुमच्या खांद्यावर होती. कधी कुणाकडे काही न मागणारे तुम्ही त्या घरमालकिणीसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिलात. "बाई, माह्या पोरीले दोन टाइम चाय देत जा. तुमच्या चुलीवर करन ते, भांडं तिचं राहीन." ती म्हणाली, "बिजलीची किटली आनतो म्हनत होते ना तुमी?" तुम्ही म्हणालात, "आनली होती. म्या भट्टीवर ठेवली." ती बाई पदर तोंडाला लावून हसली आणि हो म्हणाली. पिशवीतून तुम्ही तीच किटली काढलीत. दांडा कापून काढला होता, त्याची भोकं डाग देऊन बुजवली होती, काळ्या मुठीच्या जागी पितळेची कडी बसवली होती. आता ती चुलीवर चालत होती. शाळेच्या फाटकापर्यंत तुम्ही आलात. मी आत जाईपर्यंत उभे होतात.

ही गोष्ट तुम्ही मरेपर्यंत बाजारात सांगितलीत. ऐंशीनंतर घरोघरी स्टील आलं, पितळ मोडीत निघू लागलं, पोरंटोरं तुमची थट्टा करायची, आणि तुम्ही आपणहून त्यांच्या हातात, माझं लग्न झाल्यावर परत तुमच्याकडे आलेली ही किटली द्यायचात. "पितळीत उमर गेली, अन् बिजलीची किटली भट्टीवर ठेवनारा येडा मीच." लोक हसायचे. हळूहळू गुंड दाखवायला येणाऱ्या बाया कमी झाल्या, त्याचं कारण स्टील होतं की ही गोष्ट, ते मला माहीत नाही. मी माहेरी आलेली असले आणि कुणी ती गोष्ट काढली, तर तुम्ही ती पूर्ण सांगायचात, फक्त माझ्याकडे पाहायचं टाळायचात. आणखी एक मी पाहत आले. त्या शनिवारनंतर तुम्ही मला एकही इंग्रजी कागद वाचायला दिला नाहीत. बँकेचा असो, दवाखान्याचा असो, मी समोर बसलेली असताना तुम्ही तो खिशात घालायचात आणि त्या बिजलीवाल्याकडून वाचून आणायचात. शनिवारी त्या दुकानात तुमच्यासमोर दुसरा डबा उघडला गेला असणार. त्यातला कागद त्याने शेवटपर्यंत वाचून दाखवला असणार, आणि तो ऐकून तुम्ही किटली न घेताच परत फिरला असणार.

त्यावर लिहिलं होतं, बाबा. तुम्ही हात वर केलात त्याच्या पुढचीच ओळ होती, चुलीवर किंवा कुठल्याही आगीवर ठेवू नये. तुम्ही भाता ओढत होतात तेव्हा मी दारात उभी होते आणि तो कागद माझ्या मुठीत होता. मी फक्त दोन शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. पण मला जायचं नव्हतं. आईशिवाय मी एक रात्र कुठे राहिले नव्हते, आणि इतकं भांडून झाल्यावर ते कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती. वाटलं, मोडू दे, म्हणजे राहणंही होईल आणि बोल तुमच्यावर येईल. तुम्ही जगातल्या प्रत्येकावर संशय घेतलात, आणि जिच्यावर घ्यायला हवा होता तिचं पाप स्वतःच्या अंगावर घेऊन बाजारभर मिरवलंत. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

तुमची किटली माझ्याकडे आहे. आतली कल्हई अजून जागची हललेली नाही. परवा दुकानातून उठून आले ते त्या नव्या डब्यातला कागद पाहून. त्या मुलीने तो उघडून माझ्यापुढे धरला, "काकू, यात सगळं लिहिलंय, वाचा," आणि मला तो हातात घेववेना. हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला माहीत आहे. तरी मुद्दाम मराठीत लिहिलं आहे, सावकाश, मोठ्या अक्षरात. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.