जास्वंदीची सहावी फांदी

२ फेब्रुवारी, रविवार
लेक घर सोडून गेली त्याला आज आठ दिवस झाले. फोन उचलत नाही! माझा गुन्हा काय, तर तिच्या ऑफिसात फोन करून तिच्या साहेबीणबाईंना विचारलं— "आमची भिंगरी वेळेवर जेवते ना?" एवढंच! भिंगरी हे तिचं घरातलं नाव, ते तोंडातून निसटलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस तिला भिंगरी म्हणायला लागलं. बॅग भरताना म्हणाली, "आई, तू मला श्वास घेऊ देत नाहीस." कुठे राहते तेही सांगितलं नाही.

त्यात आज घरमालकीणबाई सांगून गेल्या— अंगणातली जास्वंद मार्चअखेर तोडणार. तिथे गाडी उभी करायचीय म्हणे. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला लावलेली, पिवळी, मधे तांबडी. 'माझं झाड' म्हणते ती. तेच गेलं तर या घरात ती कशाला येईल?

४ फेब्रुवारी, मंगळवार
बागेतल्या माळीकाकांना गाठलं. "पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. फार कोवळी नको, फार जून नको. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली तिरका काप द्या. वरची दोन पानं ठेवा. निम्मी वाळू, निम्मी माती. सावलीत ठेवा, आणि दीड महिना हात लावू नका!" शेवटचं दोनदा म्हणाले. माझा चेहरा बघून असेल.

सहा फांद्या कापल्या. वाळू आणायला आत गेले, परत आले तर पाच! यांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "पाचच होत्या." आणि अवजारांची पिशवी उचलून लिफ्ट दुरुस्तीला गेले. असेन मी चुकले. हल्ली डोकं ठिकाणावर कुठे आहे?

७ फेब्रुवारी
एक उपटून बघितली. फक्त बघितली! काही नाही. परत खोचली.

८ फेब्रुवारी
दुसरी बघितली.

१३ फेब्रुवारी
कारखान्यात दिवसभर शर्टाच्या शिवणी ओढून बघायच्या— धागा सुटतो का, टिकतो का. एकवीस वर्षं हेच काम. ओढल्याशिवाय पक्कं आहे हे कळणार कसं? घरी आले की हात आपोआप कुंडीकडे जातात. हे म्हणाले, "अगं, ती फांदी आहे, शर्टाची बाही नव्हे." संध्याकाळभर मी यांच्याशी बोलले नाही.

लेकीला चार फोन केले. एकही उचलला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
यांना मंगळवारी कुठली तरी लांबची लिफ्ट असते. आजही उशीर. मी, कुंडी आणि न वाजणारा फोन!

२० फेब्रुवारी
पान फुटलं! तिसरीला— नखाएवढं, चकचकीत. नाचायचंच बाकी राहिलं. धावत काकांना सांगितलं, तर म्हणाले, "ताई, फांदी अंगातल्या रसावरही पान काढते. त्यावरून मुळाचं काही कळत नाही. थांबा जरा."

थांबा! सगळे मला हेच सांगतात.

संध्याकाळी उपटली. खालच्या टोकाला पांढरे फुगीर ठिपके होते. मुळं येऊ घातली होती गं बाई! दोन माझ्या बोटाला चिकटून आली. तशीच खाली बसून राहिले.

२५ फेब्रुवारी
तीन गेल्या. देठ काळे, मऊ. उरल्या दोन. झाडावरून नव्या घेईन रविवारी.

२७ फेब्रुवारी
कारखान्यातून आले तर अंगण सपाट! गाडी लवकर आली म्हणे बाईंची. एक काटकीही मागे ठेवली नाही. यांच्यासमोर ढसाढसा रडले. म्हटलं, "मी हातानं मारलं हो सगळं." हे काहीतरी बोलणार होते. चष्मा पुसत बसले.

११ मार्च
चौथी गेल्या आठवड्यात गेली, आज शेवटचीही सडली. हिला मात्र मी हात लावला नव्हता— म्हणजे एकदाच. लेकीला तरी आता सोडावं. उद्यापासून फोन बंद.

१२ मार्च
नाही केला. हात शिवशिवतायत.

१९ मार्च
आठवडा झाला. जेवण जात नाही.

२५ मार्च, मंगळवार
मशीनच्या आवाजावर सुपरवायझर ओरडले— "ताई, तुमच्या मुलीचा फोन होता! विचारत होती, आई वेळेवर जेवते ना?" अख्खी रांग हसली. मी हातातली शिवण सोडून उभीच.

"आणि निरोप आहे. बाबांनी आणून दिलेल्या फांदीला मुळं आलीत म्हणे. बघायला ये, पण हात लावायचा नाही."

सहाच होत्या!