भिंतीवरच्या अकरा आणि टेबलावरची एक

चिमणे,

मामाबरोबर हॉस्पिटलात चाललोय. उजव्या हाताचं ऑपरेशन आजच आहे. आधी सांगितलं असतं तर तू सुट्टी काढून माझ्यामागे भुणभुण लावली असतीस.

मी घडवलेल्या भिंतीवरच्या अकराही बेस गिटारी कोरड्या फडक्याने पूस आणि खिडकी बंद ठेव, दमट हवेने लाकूड फुगतं. एकीच्याही जोडाला केसाएवढी फट नाही. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, पण खरं ते खरं.

तू डावखुरी. लहानपणी त्यातली एखादी उलटी धरलीस की मी ओरडायचो, "आधी नीट धरायला शीक!" तू पुन्हा एकीलाही हात लावला नाहीस. शिकलीस ती मैत्रिणीच्या मोडक्या गिटारवर, तारा उलट्या क्रमाने लावून. मागच्या महिन्यात तुझा कार्यक्रम मी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकला. छाती फुगली आणि मान खाली गेली.

टेबलावर कापडाखाली बारावी आहे. अक्रोडाची. खुंट्यांपासून बटणांपर्यंत सगळं डावखुऱ्या माणसासाठी बसवलंय. डॉक्टर म्हणतात हात पूर्वीसारखा चालेल, पण मी त्या भरवशावर राहिलो नाही.

ती भिंतीवर टांगायला जाऊ नकोस. तिच्यासाठी मी खिळा ठोकलेलाच नाही.

बाबा