मद्रासला काळी पडणारी नावं

६ मार्च १९९५
पार्सल कंपनीच्या इथल्या शाखेत कॉम्प्युटरचं टर्मिनल बघायला मला रेडिओच्या दुकानातून बोलावलं. टर्मिनल ठणठणीत! मद्रासच्या हेड ऑफिसच्या मते बिघाड विजयलक्ष्मीच्या बोटांत. ही इथली ऑपरेटर. ती नावं टाइप करते, ती फोनच्या तारेवरून मद्रासच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, युनिक्स मशीनमध्ये जातात, तिथे यादी छापतात. यादीत फक्त या शाखेची नावं काळी, वाचता येत नाहीत. चार पार्सलं परत आली. आता पत्र आलंय — पंधरा तारखेपासून दुसरी बाई ठेवा.
"अण्णा, पडद्यावर प्रत्येक नाव वाचून बघते हो मी." रडली नाही. आवडलं मला.

७ मार्च
मद्रासचा सिस्टीम अधिकारी कल्याणराम फोनवर: "रघोजीराव, तुम्ही रेडिओवाले ना? युनिक्समध्ये कशाला डोकं घालता?"
घालणार! आठवी नापास डोकं. आत जागा भरपूर.

८ मार्च
दिवसभर काउंटरपाशी बसून नुसतं ऐकलं. गिऱ्हाईक म्हणतं, "सांबशिव." ती टाइप करते. मग तो, "अय्यो अम्मा, आधी टी. आर. घाला!" गावाचं नि बापाचं अक्षर आपल्याकडे दक्षिणेत नावाआधी, आणि आठवतं नावानंतर. ती पुसायची कळ दाबत मागे जाते, पुन्हा लिहिते. तीस नावांत वीस वेळा हेच. मद्रासला नि बाकीच्या शाखांत कंपन्यांच्या चिठ्ठ्या बघून टाइप करतात — मागे जातंय कोण?

९ मार्च
दोन नावं पाठवली. एक सरळ, एक मागे जाऊन दुरुस्त केलेलं. पडद्यावर दोन्ही स्वच्छ. कल्याणरामला म्हटलं, छापा, आणि फोन प्रिंटरजवळ धरा.
"गाण्याची कचेरी ऐकायचीय का?"
"हो. धरा."
पहिलं नाव — सर्र. दुसरं — टक टक टक, प्रिंटरचं डोकं मागे, आणि त्याच जागेवर पुन्हा सर्र! वीस वर्षं टेपरेकॉर्डरची खरखर ऐकलेले कान आहेत हे.
"साहेब, तुमचं मशीन जुनी अक्षरं पुसतच नाही. त्यांच्यावरच नवी छापतंय. पुसायची कळ म्हणून ते दुसरीच ओळखतं, आमची कळ अक्षरासारखी साठवून ठेवतं. पडद्यावर नवं अक्षर जुन्याला झाकतं, तिथे कसं दिसेल?"
तिकडून — "सेटिंगला हात लावायचा नाही. परवानगी लागते. महिनाअखेरीस बघू."
महिनाअखेरीस! तिला पंधराला काढणार!

१० मार्च
लावला हात.
मी सांगितलं, तिने टाइप केलं: stty erase, एक जागा सोडून तीच भांडखोर कळ — म्हणजे मशीनला हुकूम, पुसायची कळ ही. बस्स. पण बाहेर पडून पुन्हा आत शिरलं की मशीन विसरतं. म्हणून ती ओळ तिच्याच फाइलमध्ये घातली — रोज आत शिरताना मशीन ती वाचतं. तिची फाइल, तिची बोटं. परवानगी कोणाची?
पुन्हा छापायला लावलं. सर्र. सर्र. सर्र.
हेड ऑफिसला पत्र टाकलं: हात लावायला मी सांगितलं. बाईंची चूक कधीच नव्हती. काढायचं तर मला या कामावरून काढा.

१३ मार्च
उत्तर नाही. विजयलक्ष्मी रोजच्यासारखी नऊला हजर. मीही.

१५ मार्च
हुकूम आला. विजयलक्ष्मी राहिली! वर कंपनीच्या सातही शाखांच्या टर्मिनलची सेटिंग तिच्याकडे. तिच्या सहीने निघालेला पहिला कागद — बाहेरच्या माणसाने मशीनला हात लावू नये.
बाहेरचा म्हणजे मी. स्वतः दुकानात घेऊन आली, मान खाली. "अण्णा, सही करायलाच लावली हो..."
"वर बघून दे," म्हटलं. "नियम चांगला आहे."